दोनदा तुकडा तपासला, दोनदा कॅन्सर नाही; मग ऑपरेशन कशाचं?

उचगावहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, छापत नाही. पत्र थोडं आवरून देते:

"आमचे हे एसटीत चालक आहेत, वय ४३. दीड वर्ष झालं, संडासवाटे रक्त आणि आव पडते. पहिलं वर्षभर मूळव्याध म्हणूनच औषधं चालली. मग हिमोग्लोबिन ९.४ निघालं म्हणून दुर्बिणीची तपासणी केली. आत सात सेंटीमीटरवर, पुढच्या बाजूला सुजलेली, चट्टा पडलेली गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, दिसायला कॅन्सरच वाटतोय. पण तुकड्याच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही. तीन आठवड्यांनी परत तुकडा घेतला, परत नाही. 'फायब्रोमस्क्युलर ऑब्लिटरेशन' असं कायतरी लिहिलंय. रक्तातला सीईए, म्हणजे कॅन्सरच्या शंकेत बघतात तो घटक, ६.२ आहे, हे बिडी ओढतात. सर्जन म्हणतात, रिपोर्टवर विसंबू नका, तेवढा भाग काढून टाकू, कदाचित शौचासाठी पोटावर पिशवी येईल. सासूबाई म्हणतात, दोनदा चिमटा लावलाय, आता पसरणार. दीर म्हणतात, उद्याच्या उद्या मुंबईला टाटात न्या. नणंदेच्या सासऱ्यांचं कॅन्सर म्हणून ऑपरेशन झालं आणि टीबी निघाला, त्यामुळं ती म्हणते थांबा. ह्यांना आम्ही आतमध्ये जखम आहे एवढंच सांगितलंय. माझं तर डोकंच चालंना झालंय. कुणाचं ऐकू?"

ताई, ऑपरेशनची तारीख आत्ता घेऊ नका. पण दोन रिपोर्ट चांगले आले म्हणून विषय संपला, असंही धरू नका. तुमच्याभोवती चार माणसं चार बाजूंनी ओढतायत, आणि सासूबाई सोडल्या तर प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ते कुठवर आहे एवढं मी सांगू शकते. तुमच्या ह्यांना मी तपासलेलं नाही, त्यांच्या तुकड्याच्या काचाही पाहिलेल्या नाहीत. मात्र माझी उभी नोकरी सूक्ष्मदर्शकाखाली असल्या काचा बघण्यात गेली, त्यामुळे पत्रातल्या त्या दोन इंग्रजी शब्दांपाशी मी थांबले.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट 'कॅन्सर नाही' असं म्हणतो तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: बरं, मग आहे काय? तुकडा वरवरचा आला, नुसती सूज दिसली, 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' एवढंच लिहिलं, तर त्या रिपोर्टला फारसं वजन नाही. समोर गाठ दिसतेय आणि कागद म्हणतोय काही नाही, म्हणजे चिमटा बहुतेक नेमक्या जागी लागलाच नाही. तुमचा रिपोर्ट त्यातला नाही. त्यात एक ठाम गोष्ट सापडल्याचं लिहिलंय, तीही दोनदा.

आतड्याच्या आतल्या अस्तरात नळ्यांसारख्या बारीक ग्रंथी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्यांच्या मधे मऊ पेशींची जागा असते. या सगळ्याच्या तळाशी स्नायूंचा एक पातळ थर. तुमच्या ह्यांच्या रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ असा, की त्या तळच्या थरातले स्नायूतंतू, उसाच्या दोन सऱ्यांमधे हरळी माजावी तसे, ग्रंथींच्या मधून वर चढलेत आणि मऊ जागा त्यांनी भरून टाकलीय. ग्रंथी दबून वेड्यावाकड्या होतात, वरचं अस्तर झिजून व्रण पडतो. हे चित्र ज्या आजारात दिसतं त्याला सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या मॅडिगन आणि मॉर्सन यांनी १९६९ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. आजार विरळा आहे, कॅन्सर नाही, आणि तो बहुधा गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर, गुदद्वारापासून पाच ते दहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात होतो. तुमच्या पत्रातली गाठ सात सेंटीमीटरवर, पुढच्या बाजूला. कधी तिथे एक व्रण असतो, कधी तीन-चार, कधी व्रण नसतोच, नुसता लालभडक उंचवटा असतो. हा उंचवटा दुर्बिणीतून बघणाऱ्याला कॅन्सर वाटतो, आणि तसं वाटण्यात त्याची चूक नाही. चांगल्या चांगल्यांना वाटतो.

होतो कशामुळे? कुंथण्यामुळे. शौचाच्या वेळी गुदाशयाभोवतीचा जो स्नायू सैल पडायला हवा, तो काही लोकांत उलटा आवळला जातो. माणूस जोर लावत राहतो, आतलं अस्तर खाली सरकतं, आवळलेल्या स्नायूवर आपटतं, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम होते. जखमेमुळे सारखं वाटतं की अजून काहीतरी आत राहिलंय. मग आणखी कुंथणं, आणखी जखम. एसटीच्या चालकाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गारगोटी किंवा गगनबावड्याच्या फेरीवर मधेच गाडी उभी करून जाता येत नाही. कळ आली की दाबायची, डेपोत पोचल्यावर घाईघाईत बसायचं, तोवर कळ गेलेली असते, मग जोर. तुमच्या ह्यांचं असंच असेल असा माझा दावा नाही. पण किती वेळ बसतात, किती वेळा जाऊन येतात, मोबाईल घेऊन बसतात का, हे त्यांना कुणी विचारलंय का? पहिलं वर्षभर मूळव्याधीची औषधं देणाऱ्यांनी विचारलं असतं, तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध, ही आपल्याकडची सवय मला फार खटकते. चाळिशीच्या आसपास रक्त आणि आव महिनोन्‌महिने पडत असेल तर निदान बोटाने तपासणी तरी व्हायला हवी. सात सेंटीमीटरवरची गाठ बऱ्याचदा बोटाला लागते.

आता सर्जनची बाजू. तुम्हाला ते घाई करणारे वाटत असतील, पण त्यांची भीती पोकळ नाही. एक म्हणजे आपल्या देशात गुदाशयाचा कॅन्सर तरुण वयातही दिसतो, आणि त्यातला सिग्नेट रिंग नावाचा प्रकार लबाड असतो. तो वरच्या अस्तराला फारसा धक्का न लावता भिंतीच्या आत पसरतो. वरवर चिमटा लावला तर हाताला येतं ते निरोगी अस्तर किंवा सूज. असे पेशंट दोन-दोन 'चांगले' रिपोर्ट घेऊन हिंडतात. दुसरं, आत कॅन्सर असेल तर त्याच्यावरचं किंवा शेजारचं अस्तरही सरकून-घासून अगदी तुमच्या रिपोर्टसारखं दिसू शकतं. म्हणजे रिपोर्ट खरा, आणि कॅन्सरही खरा. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून सर्जनचं 'रिपोर्टवर विसंबू नका' इथवर मला मान्य आहे. त्यापुढचं 'काढून टाकू' मात्र मान्य नाही.

गुदाशय हे काही आतड्याचं आणखी एक वेटोळं नव्हे. तिथे शौच धरून ठेवणारे स्नायू आहेत, लघवीच्या आणि लैंगिक संबंधांच्या नसा शेजारून जातात, आणि पिशवी कधी तात्पुरती असते, कधी कायमची. शिवाय खरोखर कॅन्सर निघाला आणि तो भिंतीत खोल गेलेला असला, तर पुष्कळदा आधी रेडिएशन आणि केमोथेरपी देतात, ऑपरेशन नंतर करतात. हे उपचार पुराव्याशिवाय कुणी सुरू करत नाही. म्हणजे कॅन्सर असो वा नसो, पुराव्याआधी सुरी लावण्यात तुमच्या ह्यांचा फायदा नाही. हेच वाक्य सर्जनना नम्रपणे म्हणून दाखवा. चांगला सर्जन यावर रागावत नाही.

मग पुरावा कसा पक्का करायचा? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे काचांचं फेरवाचन. तुकडा तपासल्यावर तो फेकून देत नाहीत. मेणाच्या चौकोनी ब्लॉकमध्ये तो वर्षानुवर्षं टिकतो. दोन्ही वेळच्या काचा आणि ब्लॉक लॅबकडे लेखी अर्ज करून मागा. केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रतीही मागा. पेशंटने मागितल्यावर त्या ७२ तासांत द्यायला हव्यात असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. मग हे सगळं पोटाचे तुकडे रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. सोबत दुर्बिणीचे फोटो, एमआरआय आणि आजाराची सगळी हकिगत एका पानावर. हा एक कागद नसल्यामुळे काय काय गोंधळ होतात हे आम्हा पॅथॉलॉजिस्टना विचारा. 'रेक्टल बायोप्सी' एवढे दोन शब्द लिहिलेली चिठ्ठी येते, आणि त्यावर आम्ही निदान सांगावं अशी अपेक्षा असते.

फेरवाचन करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारायला सांगा. या आजारात कधी कधी ग्रंथी अस्तराखाली ढकलल्या जातात आणि तिथे त्यांच्या चिकट द्रवाने भरलेल्या पिशव्या बनतात. त्याला कोलायटिस सिस्टिका प्रोफंडा म्हणतात. काचेवर ते म्युसिनस कॅन्सरसारखं दिसतं, कारण कॅन्सरमध्येही चिकट द्रवाची तळी भिंतीत खोलवर सापडतात. फरक तपशिलात असतो. ढकललेल्या ग्रंथींच्या पेशी शांत, एका रांगेत असतात, आणि अस्तरातली मऊ जागा त्यांच्या भोवती थोडी का होईना टिकून असते. कॅन्सरच्या पेशी बिथरलेल्या दिसतात, आणि त्यांच्या भोवती कडक, तंतुमय ऊतक माजतं. या एका फरकावरून उगाच काढलेली गुदाशयं जगभरच्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तुमच्या ह्यांच्या तुकड्यात तो भाग आलाय का, हे काच बघणाराच सांगेल.

दुसरी गोष्ट, ओटीपोटाचा एमआरआय. पत्रात त्याचा उल्लेख नाही. झाला नसेल तर गुदाशयासाठीचा म्हणून करायला सांगा. भिंतीचे थर त्यात वेगवेगळे दिसतात. बाहेरचा जाड स्नायूथर अखंड असेल, बदल वरच्या थरांपुरते असतील, तर रिपोर्टला जोर येतो. तो थर फोडून काही बाहेर गेलेलं दिसलं, तर दोनाचे चार रिपोर्ट चांगले असले तरी मी विश्वास ठेवणार नाही. गुदद्वारातून करायची सोनोग्राफीही हेच काम करते, ती जिथे मिळते तिथे.

आणि या दोन्हींनंतरही शंका उरली, तर तिसरा तुकडा. पण पहिल्या दोनांसारखाच तिसरा घेण्यात अर्थ नाही. व्रणाच्या मधोमध चिमटा लावला तर खपली आणि पू येतो. कडेचे, सहा-आठ तुकडे हवेत, आणि त्यांतले काही एकाच जागी पुन्हा चिमटा लावून खोलवरचे. गाठ इतक्या खाली आहे की गरज पडली तर भूल देऊन गुदद्वारातूनच जास्त खोल तुकडा घेता येतो, पोट उघडावं लागत नाही. यातही तेच निघालं आणि एमआरआयही त्याच्याशी जुळला, तर मी निर्धास्त होईन.

सासूबाईंना सांगा, आतड्यात दुर्बिणीतून चिमट्याने तुकडा घेतल्यामुळे कॅन्सर पसरतो याला आधार नाही. आतड्याच्या कॅन्सरचे उपचार जगात सगळीकडे अशाच तुकड्यापासून सुरू होतात. ही समजूत कुठून आली असेल ते कळतं. पूर्वी माणूस फार उशिरा दवाखान्यात जायचा, तुकडा घेईपर्यंत आजार पसरलेलाच असायचा, आणि दोष चिमट्याला लागायचा. त्यांच्याशी वाद घालू नका. शेजारीपाजारी बोलायला लागल्या तर मात्र अडवा, कारण ही भीती ऐकून दुसरं कुणीतरी तपासणी टाळेल.

सीईएचं सोडून द्या. बिडी ओढणाऱ्यांत तो थोडा चढाच असतो, सुजेनेही चढतो, आणि खऱ्या कॅन्सरमध्ये कधी कधी अगदी साधा असतो. निदान ठरवायला तो निरुपयोगी. निदान झाल्यावर उपचार लागू पडतायत का हे बघायला उपयोगी. बिडी सोडायला हे निमित्त वापरलंत तर माझी हरकत नाही. कुणी पेट स्कॅन सुचवला तर विचारा, त्याने नक्की काय ठरणार आहे? साखर जास्त खाणारी जागा त्यात उजळते, आणि सुजलेली जखमही उजळते, टीबीही उजळतो. आत्ता त्यावर पैसे घालू नका.

नणंदेच्या सासऱ्यांची गोष्ट वेगळी, पण ती तुमच्या मनात बसलीय म्हणून बोलते. तुम्ही जागा लिहिली नाही, पण असे टीबी बहुतेकदा लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे, उजव्या बाजूला खाली होतात. तिथला टीबी, तिथला क्रोन्स (आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार) आणि तिथला कॅन्सर एकमेकांची इतकी हुबेहूब नक्कल करतात की स्कॅनवर कुणीही फसावं. गाठीने आतडं अडलं असेल तर तिथे पुराव्याआधी ऑपरेशन करणं कधी कधी योग्यही ठरतं. तेवढा भाग काढून टोकं जोडतात, पिशवी सहसा लागत नाही. म्हणून त्या डॉक्टरांना इतक्यात नावं ठेवू नका. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. टीबीची शंका असेल तर सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायचे नसतात. काही तुकडे साध्या सलाइनमध्ये वेगळे पाठवायचे, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, आणि सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो आणि कल्चरचा प्रश्नच मिटतो. ही दोन बाटल्यांची गोष्ट दुर्बिणीच्या खोलीत आधी ठरली नाही, तर पेशंटला पुन्हा पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं. सीबीनॅट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असंही नसतं. मग लक्षणं, स्कॅन आणि काचा एकत्र बघून औषधं सुरू करतात, आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरतायत का ते पाहतात. औषधं साधारण सहा महिन्यांची आणि सरकारी कार्यक्रमातून मोफत.

कोल्हापुरात राहून टीबीबद्दल लिहायचं आणि धारोष्ण दुधाबद्दल बोलायचं नाही, हे बरोबर नाही. गंगावेशीत म्हशीच्या सडातून थेट पेल्यात आलेलं फेसाळ दूध ही आपली शान आहे, मला माहीत आहे. आतड्याचा बहुतेक टीबी माणसाकडून माणसाला होणाऱ्या जंतूनेच होतो, हेही खरं. पण आजारी जनावराच्या कच्च्या दुधातून गाई-म्हशींचा टीबी थेट आतड्यात उतरू शकतो, आणि दूध उकळलं की तो मरतो. पैलवानांनी माझ्यावर रागवावं, पण घरातल्या लहान मुलांना तरी तो पेला देऊ नका.

कॅन्सरचं सोंग घेणारे आणखीही आहेत, तुमच्या ह्यांच्या बाबतीत त्यांची शक्यता कमी वाटते. अमिबाच्या जुन्या दुखण्यातून आतड्यात गाठ बनते, ती मेट्रोनिडाझोलने विरते, मात्र त्यानंतर आतड्याच्या पोकळीतले उरलेले जंतू मारणारं वेगळं औषध घ्यावंच लागतं. आतड्याच्या भिंतीत हवेचे फुगे होतात. दुर्बिणीतून ते पॉलिपसारखे दिसतात, सीटी स्कॅनवर हवा म्हणून लगेच ओळखू येतात. चरबीची गाठही सीटीवर चरबी म्हणूनच दिसते. बायकांमध्ये एंडोमेट्रिओसिस आतड्याला बाहेरून आत खातं. आतून घेतलेला तुकडा साफ येतो, आणि रक्त पाळीच्या दिवसांत पडतं, हा धागा विचारल्याशिवाय मिळत नाही. बॅसिडिओबोलस नावाची एक बुरशी आहे, माती आणि पाली-बेडकांच्या विष्ठेतली. तिने आतड्यात दगडासारखी गाठ होते, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, आणि कॅन्सर समजून आतडं काढल्यावर काचेवर बुरशी सापडते. असली निदानं ज्याच्या डोक्यात आधीपासून असतात त्यालाच सुचतात, म्हणून तर दुसऱ्या डोळ्यांना महत्त्व.

दिरांच्या मुंबईबद्दल. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून चालतंय, तिथे जाण्यात चूक काहीच नाही. पण अशक्त माणसाला घेऊन उद्याच्या उद्या धावायची गरज मला दिसत नाही. काचा, ब्लॉक, रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी दिरांनी एकट्यानी महालक्ष्मी एक्स्प्रेसने न्यावी. पेशंटने नंतर, बोलावलं तर जावं. त्याआधी इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या कुठल्याही ठिकाणी सर्जरी आणि पॅथॉलॉजी विभागाला हे कागद एकत्र दाखवता आले तर दाखवा. खर्चाचं दडपण असेल तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. हे सगळं काही आठवड्यांत उरकायला हवं. दिवाळीनंतर बघू असं नको. मधे पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद झालं, रक्त भळाभळा गेलं किंवा वजन झपाट्याने उतरायला लागलं, तर हे पत्र बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. हिमोग्लोबिन ९.४ आहे, लोहाची औषधं आजपासूनच डॉक्टरांना विचारून चालू करा. त्यासाठी निदानाची वाट बघायची नसते.

निदान पक्कं ठरलं की उपचार ऐकायला साधे आणि करायला अवघड आहेत. इसबगोल, भरपूर पाणी, जेवणात भाकरीसोबत पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्यं. शौचाला पाच-सात मिनिटांच्या वर बसायचं नाही. वाटलं तरी पुन्हा पुन्हा जाऊन कुंथायचं नाही, कारण ते 'राहिलंय' वाटणं जखमेचं असतं, मलाचं नसतं. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल. आणि मुख्य म्हणजे बायोफीडबॅक. स्नायू कधी आवळायचा आणि कधी सोडायचा, हे पडद्यावर बघून शिकवतात. त्याआधी स्नायूंच्या दाबाची तपासणी होते, कधी शौचाच्या हालचालीचा एमआरआय. गुदाशय पूर्ण बाहेर येत असेल तर तो वर बांधायचं ऑपरेशन असतं, पण ते कापून काढण्याचं ऑपरेशन नव्हे. व्रण सावकाश भरतो, काही लोकांत त्रास थांबतो तरी व्रण थोडा उरतो. महिन्याभरात फरक नाही म्हणून वैतागून पुन्हा ऑपरेशनकडे वळू नका. तीन-चार महिन्यांनी पुन्हा दुर्बीण मात्र हवीच, आणि व्रण वाढलेला दिसला तर नव्याने तुकडा.

एक नाजूक गोष्ट. या आजाराचे काही पेशंट शौच होत नाही म्हणून बोटाचा वापर करतात, आणि त्यानेही जखम होते. हे ते तुम्हाला सांगणार नाहीत, आईसमोर तर नाहीच. तुम्ही विचारूही नका. डॉक्टरांना आधी फोन करून सांगा, की पाच मिनिटं ह्यांच्याशी एकट्यात बोला आणि हे विचारा.

यावरूनच तुम्ही ह्यांच्यापासून जे लपवलंय त्याकडे येते. लपवण्यामागची माया कळते. पण या आजारात सगळा उपचार त्यांनाच करायचाय. किती वेळ बसायचं, कधी उठायचं, डेपो मॅनेजरकडे फेरी बदलून मागायची का, बिडी सोडायची का, यातलं काहीच त्यांच्या वतीने तुम्ही करू शकत नाही. 'जखम आहे' ऐकलेला माणूस मलम मागेल, व्यायाम करणार नाही. शिवाय दीर मुंबईची तिकिटं काढतायत, सासूबाई डोळे पुसतायत, आणि त्यांना काही कळलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? आहे ते तसंच सांगा: डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली होती, दोन तपासण्यांत तो निघाला नाही, तिसऱ्या एका गोष्टीची चिन्हं दिसतायत, आणि ती पक्की करायची चाललीय. हे सगळं आज खरं आहे. पुढच्या भेटीला त्यांनाच पुढे बसवा, आणि सर्जनना त्यांच्या तोंडून विचारू द्या: रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते माझ्या गाठीला पुरेसं कारण आहे असं तुम्हाला का वाटत नाही? उत्तर नीट मिळालं तर त्याच सर्जनकडे पुढचे उपचार घ्या. फेरवाचनाचा रिपोर्ट आला की मला त्यातली शेवटची ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा.